आतल्या गोलातले एकोणीस मोगरे

नाना, तुमचं चुकलं होतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मला जरा बळ येईल.

काल सकाळी आपल्या लॉनचा मोठा गोल मी मोजला. दोरीचं एक टोक सेक्रेटरींच्या हातात, दुसरं माझ्या. आधी चालायच्या ट्रॅकच्या कडेकडेने, मग बरोबर एक फूट आत फक्कीची रेघ मारून त्या रेघेवरून. फरक आला सहा फूट चार इंच. चौदा फुटांच्या गोलाला जेवढा आला होता तेवढाच सत्तर फुटांच्या गोलालाही. चार वर्षं मी घसा कोरडा करून हेच सांगत होते आणि चार वर्षं तुम्ही मान हलवत होतात, "मना नाय पटत, बाई." आता पटवून घ्या.

सेक्रेटरींनी विचारलं, "बाई, हे आत्ताच कशाला काढलंत?" आदल्याच दिवशी तुमचं बारावं झालं होतं. मी म्हटलं, "राहिलं होतं म्हणून." दसऱ्यानंतरच्या रविवारी मोजायचं असं आपलं ठरलं होतं. त्या रविवारी तुम्ही दवाखान्यात होतात आणि पुढच्या रविवारी नव्हतातच. खरं सांगू? उत्तर बरोबर आलं तेव्हा मला काडीचाही आनंद झाला नाही. दोरी गुंडाळता गुंडाळता मी रडले. सेक्रेटरी तेवढा वेळ मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले, माणूस भला आहे.

आपली ओळख भांडणातूनच झाली, आठवतंय? डोंबिवलीच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त झाले, तिथलं घर विकलं आणि लेकीच्या जवळ राहायचं म्हणून बाळकुमला आले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बागेत चक्कर मारत होते तर मागून आरोळी आली, "बाई, पाय!" मी दचकून उडीच मारली आणि ती नेमकी तुम्ही पेरलेल्या वाफ्यात. तुम्ही खुरपं खाली ठेवलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "आता दुसरा पाय बी ठेवा, म्हंजे सगला सारका होल." एवढ्या वर्षांत वर्गात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की या माळ्याची तक्रार करायची.

तुम्ही माळी नव्हतात हे मला लिफ्टमध्ये कळलं. या सात इमारती उभ्या आहेत तिथे तुमची भातशेती होती. वडील शेती सांभाळून खाडीकडच्या मिठागरावर जायचे. जमीन बिल्डरकडे गेली, तुम्हाला आणि हिरा वहिनींना बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं, आणि राहायला आल्यावर पंधरा दिवसांत तुम्ही खुरपं घेऊन खाली उतरलात. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. मी एकदा म्हटलं, "नाना, जमीन गेल्याचं वाईट नाही वाटत?" तुम्ही मातीचं ढेकूळ फोडत होतात. "जमीन कागदाव गेली, बाई. माती इथंच हाय." आणि पुन्हा कामाला लागलात. 

मग आंब्याखालचा गोल आला. बिल्डरने ते एकच झाड तुमच्या बांधावरचं म्हणून राखलं होतं आणि भोवती विटांची गोल पाळ बांधून दिली होती. पाळीच्या आत मोगरा लावायचा असं उद्यान समितीने ठरवलं. समिती म्हणजे मी आणि आणखी दोघी, ज्या कधी यायच्या नाहीत. नकाशात बघितलं, पाळीचा व्यास चौदा फूट. नाना, चौदा हा आकडा गणिताच्या बाईला दिसला की ती कशाचाही विचार करत नाही. चौदा गुणिले बावीस छेद सात, परीघ चव्वेचाळीस. दोन फुटांवर एक रोप, म्हणजे बावीस रोपं. तोंडी! जिना उतरता उतरता मी हिशेब केला आणि स्वतःवर खूश झाले.

टेम्पो करून आपण दोघं कल्याणच्या नर्सरीत गेलो. मी म्हणत होते, बावीस द्या, चला. तुम्ही प्रत्येक रोप उचलून पिशवीच्या बुडाशी बोट घालून मुळं चाचपत होतात. नर्सरीवाला वैतागला, "काका, लग्नाची मुलगी बघताय का?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मुलगी आपला आपला सांगतं. यो बोलत नाय, म्हनून हात लावून बगाचा." दीड तास लागला. परत येताना टेम्पोत मागे बसून तुम्ही बावीस पिशव्यांना दोन्ही हातांनी आधार दिला होतात. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून डुलकी काढली.

लावणीच्या दिवशी मी नव्हते, डोंबिवलीला जुन्या मैत्रिणीकडे गेले होते. तुम्ही दोन फुटांची काठी घेतलीत, पाळीपासून एक फूट आत आलात, कारण मोगरा विटेला चिकटून लावला तर मुळं पसरणार कुठे, आणि काठी टाकत टाकत गोल पूर्ण केलात. शेवटचं अंतर थोडं कमी भरलं तर रोपं बोटबोटभर सरकवून ते सगळ्यांत वाटून टाकलंत. लागली एकोणीस.

आणि लगेच पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती.

हा भाग मी इतके दिवस भरभर सांगून पुढे जायचे, अगदी मनातल्या मनातसुद्धा. आज सावकाश सांगते. बागेचा विषय निघाला, मी उभी राहिले आणि वर्गात वापरायचे त्या आवाजात म्हटलं, "मी हिशेब करून बावीस रोपं दिली होती. मोजली तर एकोणीस आहेत. तीन कुठे गेली?" तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. मी काही चोरी म्हटलं नव्हतं. पण मागून कोणीतरी म्हणालंच, "नानांच्या बाल्कनीत बघा," आणि दहाबारा जण हसले. तुम्ही उभे राहिलात. "हायत," एवढंच म्हणालात आणि बसलात. कुठे आहेत हे मी विचारलं नाही. मी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा.

तुमच्याच वडिलांच्या शेतात बसून तुम्ही ते ऐकून घेतलंत, हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आठ दिवसांनी नळी आणायला मी पंपाच्या खोलीमागे गेले. तिथे सावलीत ओल्या गोणपाटावर तीन मोगरे ठेवलेले होते. पिशव्या तशाच, पानं टवटवीत. मी घरी आले, जेवायच्या टेबलावर कागद घेतला. पाळीपासून एक फूट आत म्हणजे व्यास चौदा नाही, बारा. परीघ चव्वेचाळीस नाही, जेमतेम पावणेअडतीस. भागिले दोन, एकोणीस. मी तो कागद बराच वेळ बघत बसले. 'एका वर्तुळाकार बागेभोवती' अशी सुरुवात असलेली किती उदाहरणं मी फळ्यावर सोडवून दिली असतील! पण पुस्तकातली झाडं रेघेवर उभी असतात, त्यांना मुळं नसतात.

तशीच चप्पल घालून खाली आले. तुम्ही आंब्याखाली पाळीवर बसून चहा पीत होतात. मी म्हटलं, "नाना, माझं चुकलं. मी विटांचा परीघ मोजला, रोपं आत लागली." तुम्ही बशी खाली ठेवलीत आणि हसलात.

"मना त्याच दिसा समजला. बाई, तुमी भायेरच्या बैलाचा मोजला आनि झारा लावली आतल्या बैलाच्या वाटंव."

मला कळेना. मग तुम्ही खळं समजावून सांगितलंत. कापणी झाली की शेतातच जमीन सारवून गोल खळं करायचं, मध्ये खांब रोवायचा, खांबाला जोडून बैल भाताच्या पेंढ्यांवरून गोल गोल फिरवायचे. म्हातारा बैल खांबाजवळ आणि तरणा बाहेर, कारण फेरी एकच असली तरी बाहेरच्याला जास्त चालावं लागतं. तुमचं शेत चौकोनी, मिठागर चौकोनी, गोल काय तो खळ्याचा तेवढा. पण तो तुम्ही पायाने शिकला होतात. चौथीत शाळा सुटलेला माणूस मला परीघ शिकवत होता आणि बरोबर शिकवत होता.

मी विचारलं, "मग मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

"चार मानसांत काय सांगाचा, बाईंचा गनित चुकला? तुमी बाई हाव."

"आणि ती तीन रोपं मागे का ठेवलीत?"

"येकादा मेला तं नांगा भराया नको?" रोपांच्या ओळीत पडलेल्या खिंडाराला तुम्ही नांगा म्हणता हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन मोगरे जळाले तेव्हा त्या तीनातलेच दोन तुम्ही आणून लावलेत, आणि मला मुद्दाम हाक मारून दाखवलेत.

मी त्या दिवशी म्हटलं होतं, "पुढच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांना सांगते." तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या." नाना, इतकं सोयीचं वाक्य मला आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी ते घट्ट धरून ठेवलं. पुढच्या मीटिंगला लिफ्टचा विषय होता, त्याच्या पुढच्या वेळी गळतीचा, मग पार्किंगचा. तुम्ही हसलात म्हणजे मिटलं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं आहे. या सात इमारतींत मला सगळे 'गणिताच्या बाई' म्हणून ओळखतात. मुलं जिन्यात थांबवून गणितं विचारतात. नवरा गेला, नोकरी संपली, डोंबिवली सुटली, उरलं ते एवढंच होतं. ते मला चार माणसांत खाली ठेवायचं नव्हतं. तुम्ही माझी लाज राखलीत आणि मी ती चार वर्षं वापरली.

बदल्यात मी तुम्हाला काय दिलं, तर वाद. बैलांवरून मी पुढे गेले. म्हटलं, एक फूट आत आलं की परीघ सहा फूट आणि तीन-चार इंच कमी होतो, म्हणजे आपल्या दोन फुटांच्या हिशेबाने तीन रोपं कमी. गोल केवढाही असो. तुम्ही लगेच हरकत घेतलीत.

"यो चौदा फुटाचा गोल, त्याला तीन. मंग लॉनचा येवरा मोठा गोल, त्याला बी तीनच? कसा होल? लानाला लान फरक, मोठ्याला मोठा."

मी तुळशीच्या कुंडीभोवती दोरा गुंडाळून दाखवला, पिंपाभोवती दाखवला. तुम्ही दर वेळी मोजमाप बारकाईने बघायचात, मान डोलवायचात आणि शेवटी म्हणायचात, "या लान लान वस्तू. मोठ्याचा बगल्याबिगर मी नाय मानाचा." हटवादी माणूस! पण मला सांगायचं आहे ते असं की माझ्या वर्गातल्या पोरांनी मी फळ्यावर लिहिलेलं सगळं मुकाट्याने मानलं. एकानेही म्हटलं नाही की बाई, आधी मोजून दाखवा. तुमच्याशी वाद घालायला मिळावा म्हणून मी कितीतरी सकाळी गुडघे दुखत असताना खाली उतरले आहे. निवृत्तीनंतरची माझी चार वर्षं तुमच्यामुळे चांगली गेली. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं.

दवाखान्यात आले होते ना मी. खरं तर तेच सगळं बोलायचं म्हणून आले होते. हिरा वहिनी चहा आणायला बाहेर गेल्या, आपण दोघंच होतो. तुम्ही डोळे उघडलेत आणि विचारलंत, "तगर किती लागल?" लॉनभोवती तगरीचं कुंपण करायचं होतं ना आपल्याला. मी म्हटलं, "तीन-तीन फुटांवर, ट्रॅकपासून एक फूट आत. एकाहत्तर." तुमच्या नाकात नळी होती तरी तुम्ही हात वर केलात. "मोजल्याबिगर आनू नका." मी हसले, चादर सारखी केली, आणि वहिनी आल्या. मी बोलायचं ते बोलले नाहीच.

म्हणून आज बोलले. आता संध्याकाळचे साडेसात वाजलेत, पोळ्या करायच्या राहिल्यात, पण आधी तुम्हाला सांगून घेते.

क्लबहाउसमध्ये तुमची शोकसभा होती. तुमचा फोटो, हार, उदबत्ती. माणसं चांगलं बोलली, पण कोणाबद्दलही बोलता येईल असं. निसर्गप्रेमी होते, हसतमुख होते, सर्वांशी मिळून मिसळून होते. माझा जीव वैतागला. तुम्ही हसतमुख मुळीच नव्हतात, दहातले आठ दिवस तुम्ही कोणाच्या तरी पायांवर ओरडत असायचात. माझं नाव पुकारल्यावर मी उठले, भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यापाशी गेले आणि एकात एक दोन गोल काढले.

सगळ्यांना वाटलं, बाई आता काहीतरी छान सांगणार. मी चौदा लिहिलं, बारा लिहिलं, बावीस लिहिलं, एकोणीस लिहिलं. मग वळून म्हटलं, "चार वर्षांपूर्वी याच खोलीत मी नानांना विचारलं होतं, तीन रोपं कुठे गेली. तुम्ही हसला होतात. रोपं कुठेही गेली नव्हती. चूक माझी होती. मी बाहेरचा गोल मोजला. नानांना ते त्याच दिवशी कळलं होतं आणि त्यांनी माझी फजिती होऊ नये म्हणून कोणाला सांगितलं नाही. मलाही आठ दिवसांत कळलं होतं. मीही सांगितलं नाही. ते आज सांगते आहे, आणि उशीर झाला आहे." माझा आवाज अजिबात कापला नाही, नाना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बाई परत वर्गात शिरली.

 सेक्रेटरी गोंधळले. "बाई, असं काही झालं होतं? माझ्या तर लक्षातच नाही." पलीकडून कोणी म्हणालं, "अहो, एवढ्याशा गोष्टी कोण लक्षात ठेवतं? नानांच्या तर मनातही नसेल." बऱ्याच माना हलल्या. मलाही वाटलं, सुटले. मी फळा पुसायला हात वर केला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हिरा वहिनी बोलल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"आदी ते घरान येताना खिशान फुला भरून आनाचे. देवाला, मना. मंग येक दिस बंदच केला. मी इचारला तं सांगाचे, सोसायटीची हायत. मना वाटला, नवीन नियम निंगाला. चार वरसा मी देवाची फुला बाजारातशी आनली."

त्या थांबल्या. 

"आनि दाराव आले का खिसं उलटं करून झटकाचे. रोज. मना वाटाचा, माती झटकतान."

मी फळ्यापासून निघून त्यांच्याजवळ जाऊन बसले. हात पुढे केला. त्यांनी तो धरू दिला, आणि थोड्या वेळाने आपला हात सोडवून घेतला. मला राग आला नाही, त्यांनी तसंच करायला हवं होतं.

नाना, गणितात मी एकदा चुकले. तुमच्या बाबतीत चार वर्षं, रोज.